वाइंडिंग

मकरपुऱ्याला, जीआयडीसीच्या तिसऱ्या गल्लीत
मी ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली भरते.
अकरा वर्षं झाली. बॉबिन, तार, कागद, परत तार.
फेरे मोजायला मीटर आहे, तरी ओठ हलतात.
शेठ म्हणतात, रेवतीबेनची कॉइल शॉर्ट होत नाही.

हा बारा आठवडे आधी आला.
नऊशे चाळीस ग्रॅम.
एवढी तार रिळावर उरली की आमच्याकडे
टाकत नाहीत कोणी,
कोपऱ्यात ठेवतात, पुढच्या कामाला.

पायाला पट्टी: बेबी ऑफ रेवती शिर्के.
नाव अजून नाही. आत्या नवसारीहून यायची आहे.

काचेत तो, आणि काचेबाहेर
एक हिरवा आकडा, जो मी देवासारखा बघते.
एक्क्याण्णव. नव्वद.
अठ्ठ्याऐंशीला तो किंचाळतो.

डॉक्टर जिगीषाबेननी
सोनोग्राफीच्या पाकिटामागे बॉलपेननं चित्र काढलं.
दोन रेघा: ही रक्ताची नळी.
रेघेवर एक ठिपका, त्याला पाय: ही पेशी.
अर्धं गुजरातीत, अर्धं आमच्या बडोद्याच्या मराठीत
म्हणाल्या, ह्या जन्मतात एका कोपऱ्यात
आणि पोचायचं असतं सगळ्या मेंदूभर.
रस्ता कुठे असतो तेव्हा?
मग नळी धरतात.
आतून रक्त जातं, बाहेरून ह्या जातात,
सरकत, चाचपडत,
एका नळीवरून उडी मारून दुसरीवर.
पोचल्या की तंतूंना गुंडाळायला घेतात,
चरबीचा पातळ पापुद्रा, फेऱ्यावर फेरा,
म्हणजे निरोप वाटेत सांडत नाही.

मी म्हटलं, इन्सुलेशन.
त्या हसल्या. हा बेन, तेच.
किती फेरे?
कुठे दहा, कुठे शंभर.
टेन्शन कोण बघतं, हे विचारायचं राहून गेलं.

मग पेन थांबलं.
श्वास कमी पडला ना, म्हणाल्या,
की ह्या कोवळ्याच राहतात.
मरत नाहीत सगळ्या, पण कामाला बसत नाहीत.
आणि गप्पही बसत नाहीत.
नळ्यांना हाका मारतात: इकडे फुटा, इकडे या.
सोसायटीत लाइट गेली की
जो तो जीईबीला फोन लावतो, तसं असणार.
मी त्या रात्री झोपले नाही.
एवढ्याशा टाळूखाली
केवढे फोन वाजत असतील.

गोल खिडकीतून हात आत घातला की
तो माझी करंगळी धरतो.
वार्निशचा वास जात नाही बोटांचा,
तीनदा साबण लावला तरी.
तो धरतो.
मला वाटायचं, हेच औषध. धरून ठेवलं की झालं.

पाकिटावरची शेवटची गोष्ट मी
दोन दिवस मनाआड केली होती.
नळी धरूनच बसली तर
पेशी फेरा घालत नाही, म्हणाल्या होत्या.
वेळ आली की दुसऱ्या पेशी येतात,
नळीवर आपली पावलं रोवतात, जागा घेतात,
आणि हिला सुटावं लागतं.
लवकर सुटली तरी पंचाईत.

कोकिळामावशींनी मला मशीन शिकवलं
तेव्हा तारेवर माझा हात, हातावर त्यांचा.
नवव्या दिवशी त्यांनी हात उचलला
आणि चहाला गेल्या.
तार सैल पडली, मग तुटली.
मी दाराकडे बघत होते.
त्या आल्या नाहीत.
टोकं जोडली मीच, डाग दिला,
आकडा शून्यावर आणला.

आज तिसावा आठवडा. त्र्याण्णव.
सिस्टर म्हणाली, टाइम झाला बेन.
मी ओढला नाही हात.
जरा वेळानं त्यानंच सोडली करंगळी,
बोटं उघडी राहिली, हवेत,
काहीतरी शोधल्यासारखी, किंवा
काहीच नाही.

बाहेर जेलरोडला रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं,
क्यां जवुं छे?
माझे ओठ हलत होते.
त्याला वाटलं, पत्ता सांगतेय.